बिननावाची चित्रं

बारकीच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते, चष्म्याचा नंबर दर खेपेला वाढत होता आणि ऑफिसात सगळे तिला मॅडम म्हणत. तरी ताईच्या तोंडी ती बारकीच. एकदा ताईने भर मीटिंगमध्ये फोन केला आणि स्पीकर चुकून चालू राहिला. "बारके, जेवलीस का गं?" हे अख्ख्या ऑफिसने ऐकलं. त्यानंतर कितीतरी दिवस शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला रोज दुपारी गंभीर चेहरा करून तिला विचारायचा, "मॅडम, जेवलात का?"

ऑफिस होतं एका ऑनलाइन चित्रबाजाराचं. कुठल्याही गल्लीबोळात बसून कुणीही चित्र काढावं, त्याचा फोटो पाठवावा, आणि निवड झाली तर जगभरच्या लोकांनी ते बघावं, आवडलं तर विकत घ्यावं, असा सगळा मामला. तसे बाजार इतरही होते. ह्या बाजाराची ऐट वेगळी. इथे निवड करणाऱ्याला चित्रकाराचं नाव कळत नसे. नाव नाही, गाव नाही, वय नाही, शिक्षण नाही. चित्र यायचं ते नुसता नंबर घेऊन. मोठमोठ्या गॅलऱ्या गाजवलेला बुजुर्ग आणि काल पहिल्यांदा ब्रश हातात धरलेली पोरगी, दोघं एकाच रांगेत. 'सगळ्यांना सारखी संधी' असं ऑफिसच्या भिंतीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं. भिंतीवर लिहिलेलं बहुतेक ठिकाणी भिंतीवरच राहतं. इथे मात्र ते बऱ्यापैकी पाळलं जायचं, आणि बारकीला त्याचा मनातून फार अभिमान होता.

नियम साधे होते. एक चित्र एकाच माणसाकडे जाणार आणि त्याचा निकाल अखेरचा. चित्र घेतलं तर विषय संपला. परत पाठवलं तर का पाठवलं ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं. ठरीव गुळगुळीत दिलगिरी चालणार नाही. आणि चित्र कुणाचं आहे ते नुसतं बघून ओळखू आलं, तर त्याला हात लावायचा नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात 'ओळखीचं' असं एक बटण होतं. ते दाबलं की चित्र निमूटपणे दुसऱ्या कुणाच्या तरी रांगेत जाऊन बसायचं. आणखी एक, निकाल लागल्यावरही आपण कुठलं चित्र बघितलं ते बाहेर कुणापाशी बोलायचं नाही.

आता ताईबद्दल. ती बारकीहून वर्षाने मोठी, आणि दोघींत चित्रं चांगली कुणाची, ह्यावर लहानपणी घरात वादच नव्हता. ताईची. बारकी तिचं बघून काढायची, आणि चिडली की तिच्या चित्रांमधल्या माणसांच्या कानांना हसायची, कारण ताईच्या माणसांचे कान नेहमी बारके आणि जरा खालीच असायचे. "ताई, तुझ्या माणसांचे कान घसरलेत," असं ती म्हणाली की ताई तिच्या मागे पट्टी घेऊन धावायची.

शाळेत ताईचं एक वर्ष आजारपणात गेलं आणि दोघी एकाच वर्गात आल्या. त्यामुळे चित्रकलेच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षाही दोघींनी बरोबरच दिली, आणि दोघी पास झाल्या. वडिलांना आनंद झाला आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. दोघींना परगावी ठेवून शिकवणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्या दिवशी ताई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "हिला पाठवा. मला कंटाळा आलाय त्या चित्रांचा." हे धडधडीत खोटं होतं. घरातल्या प्रत्येकाला ते खोटं आहे हे माहीत होतं आणि प्रत्येकाने ते खरं मानून घेतलं. बारकीनेसुद्धा.

बारकी कॉलेजात गेली आणि ताई पुतळ्यांच्या कारखान्यात लागली. कपड्यांच्या दुकानात काचेमागे साड्या-कोट घालून उभे असतात ते पुतळे. त्यांचे डोळे रंगवायचं काम ताईकडे आलं आणि ते तिने जन्मभर केलं. पापण्यांचे केस ती बाहेरून आत ओढायची, सगळ्या जगाच्या उलट, आणि त्यामुळे तिच्या पुतळ्या आत्ताच झोपेतून उठल्यासारख्या दिसायच्या. दुकानदारांना ते आवडायचं. "सकाळी जाते तेव्हा आंधळ्यांची पलटण असते," ताई सांगायची, "आणि संध्याकाळी निघते तेव्हा सगळ्या माझ्याकडे टक लावून बघत असतात. मेल्या निघू देत नाहीत."

घरी तिचं चित्रं काढणं सुटलं नव्हतं. लग्न झालं, मुलगा झाला, मुलगा शिकून लांब गेला, नवरा वारला, तरी स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी तिचं टेबल होतं आणि त्यावर कागद होता. बारकी आली की ती चित्र दाखवायची. आणि बारकी म्हणायची, "अप्रतिम."

एवढ्या वर्षांत ताईच्या एकाही चित्राला बारकीने नाव ठेवलं नव्हतं. कसं ठेवणार? जिने स्वतःची जागा आपल्याला दिली, तिच्यासमोर बसून तिची सावली चुकली म्हणून सांगायचं? जीभ रेटायला नको? म्हणून मग "काय सुंदर गं" आणि "कमाल आहे तुझी" आणि "अप्रतिम". खरं सांगायचं तर बारकी त्या चित्रांकडे नीट बघायचीही नाही. चित्र समोर आलं की तिला ते वाटाणे दिसायचे. शेवटी शेवटी ताई चित्र पुढे करतानाच म्हणायला लागली, "हं, बघ आणि अप्रतिम म्हण." बारकी हसायची आणि अप्रतिम म्हणायची.

तर अशी ही ताई एकदा फोनवर म्हणाली, "काय गं, तुमच्याकडे नाव कळत नाही म्हणतेस ना?"

"नाही कळत."

"नक्की? का आपलं म्हणायचं म्हणून?"

"अगं, मालकिणीच्या सख्ख्या भाच्याचं चित्र परत गेलं मागच्या खेपेला. घरात अबोला झालाय त्यांच्या."

ताई म्हणाली, "मग मी पण पाठवते एक. कुठलं ते विचारायचं नाही, आणि मध्ये लुडबुड करायची नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

बारकीने शपथ घेतली. ताईचं चित्र निवडलं जावं असं तिला फार फार वाटलं. आणि ते तिच्या मदतीशिवाय निवडलं जायला हवं होतं. तसं झालं तर इतकी वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून जाईल, असं तिला वाटत होतं.

चित्रं यायला सुरुवात झाली. त्या काळात ऑफिसात कुणी कुणाशी फारसं बोलत नसे. डोळे स्क्रीनला चिकटलेले आणि चहा टेबलावर गार होत असलेला. बारकीचं काम सावकाश चाले. विशेषतः परत पाठवायच्या चित्रांना ती फार जपून उत्तर लिहायची. चष्मेवाला तिला चिडवायचा, "मॅडम, तुमचा नकार वाचून लोकांना वाटत असेल, होकारच आलाय." पण तिचं म्हणणं असं, की माणूस कुठेतरी एकटा बसून जीव ओततो, त्याला निदान कळावं तरी की कुणीतरी खरंच बघितलं.

एका सकाळी तिच्यापुढे एक चित्र आलं. अर्ध्यावर उघडलेलं शटर, आतला दिवा लागलेला आणि शटरच्या खालून बाहेर रस्त्यावर पडलेला उजेडाचा पट्टा. माणूस कुठेच नाही. हात सराईत होता, त्यात शंकाच नव्हती. शटरच्या पत्र्याची घडी न घडी, त्यावरचा गंज, कुलपाच्या कडीखाली घासून झालेला चकचकीत डाग, सगळं जिथल्या तिथे. बारकीने ते घ्यायचं ठरवलंच होतं. पण बोट माऊसवर गेलं आणि थांबलं. काहीतरी खटकत होतं. तिने चित्र बाजूला ठेवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं, आणि मग तिला कळलं. तो उजेडाचा पट्टा. बाकी चित्रात एवढी मेहनत आणि जिथे खरी गंमत होती, तिथे नुसता पिवळा रंग सपाट भरून टाकलेला.

तिने लिहिलं, 'शटर तुम्ही अतिशय मन लावून रंगवलं आहे. इतकं, की तुम्ही शटरमागे लपला आहात असं वाटतं. आत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे, पण ते आम्हाला सांगायचं तुम्ही टाळलं आहे. चित्र दारातच थांबलं. तुमचा हात तयार आहे, त्याची काळजी करू नका. फक्त एकदा वाकून आत बघा आणि मग आम्हाला पुन्हा चित्र पाठवा.' एवढं लिहून तिने चित्र परत पाठवलं. तिला स्वतःचं उत्तर आवडलंसुद्धा.

त्यानंतर दोनचार दिवसांनी ते आलं. स्क्रीनवर चित्र उघडलं आणि बारकी पुढे वाकली. दवाखान्याच्या बाकावर रांगेने बसलेल्या बायका. नंबर लागायची वाट बघून पेंगुळलेल्या. कुणाची मान शेजारणीच्या खांद्यावर, कुणाचं तोंड उघडं. आणि त्या मिटलेल्या पापण्यांचे केस बाहेरून आत ओढलेले. आणि कान! सगळ्यांचे कान बारके आणि जरा खाली घसरलेले.

बारकीने तोंडावर हात धरला. डोळे भरून आले, चष्मा काढावा लागला. किती गोड होत्या त्या बायका! तिच्या मनात आलं, आत्ता, ह्या क्षणी, एक बटण दाबून आपण हे चित्र घेऊ शकतो. कुणाला कळणार आहे? आणि घेण्याच्या लायकीचं नाही असंही कुणी म्हणू शकणार नाही. ताईला तरी कुठे कळेल? पण मग ते चित्र ताईने मिळवलेलं राहणार नव्हतं. बारकीने नाक पुसलं आणि 'ओळखीचं' दाबलं. बाकावरच्या बायका स्क्रीनवरून नाहीशा झाल्या आणि पुढचा नंबर आला.

त्या कुणाच्या रांगेत गेल्या ते लगेचच कळलं, कारण शेजारच्या टेबलावर चष्मेवाला खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "अरे वा! सगळ्या झोपल्यात की!"

बारकीच्या जिवाची जी काही घालमेल झाली ती सांगायची सोय नाही. चष्मेवाल्याची कामाची तऱ्हा अशी की तो चित्र उघडून ठेवायचा आणि दुसरंच काहीतरी करत बसायचा. खिडकी पुसायचा. बिस्किटं खायचा. दोन दिवस त्या बायका त्याच्या स्क्रीनवर पेंगत होत्या आणि हा बिस्किटं खात होता. बारकीने त्याला चहा आणून दिला. त्याने चहा घेतला आणि संशयाने तिच्याकडे बघितलं.

"काही हवंय का मॅडम?"

"छे, कुठे काय!"

"मग हे काय, एकदम चहाबिहा?"

"का? माणुसकी म्हणून काही असतं की नाही?" असं म्हणून बारकी आपल्या टेबलावर येऊन बसली. पाठ त्याच्याकडे, कान मात्र त्याच्याच टेबलाला लागलेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चष्मेवाला आपल्याच तंद्रीत म्हणाला, "कान चुकलेत. पण ह्या बायांना उठवायची आपली तर छाती नाही बुवा," आणि त्याने माऊस दाबला. स्क्रीनवर हिरवी खूण उमटली. बारकी उठली, शांतपणे चालत बाथरूममध्ये गेली, दार लावलं आणि नळ सोडून मनसोक्त रडली. बाहेर आली तेव्हा चष्मेवाल्याने विचारलं, "मॅडम, जेवलात का?" ह्या वेळी तिने त्याला हसून दाखवलं.

निकाल शनिवारी सगळ्यांना एकदम कळवले जायचे. त्या दिवशी बारकी फोन हातात घेऊनच घरभर फिरत होती. आपण आधी करायचा नाही हे तिने ठरवलं होतं. ताईचा फोन आला तोच आरडाओरडा करत.

"बारके! लागलं गं, लागलं! आमच्या पोरीचं लागलं!"

"अभिनंद..." बारकी म्हणाली आणि थांबली. "कुठल्या पोरीचं?"

"अगं, कारखान्यातली ती माझ्या शेजारी बसते, भुवया रंगवते ती. तिने दवाखान्यातल्या बायका काढल्या होत्या. काय काढल्यात म्हणून सांगू! मीच मागे लागून पाठवायला लावलं. सकाळपासून रडतेय वेडी, तिच्या नवऱ्याने अख्ख्या कारखान्याला पेढे... थांब, तोच आलाय दारात."

पलीकडे ताई कुणाशी तरी हसून बोलत होती. ती परत फोनवर आली तेव्हा बारकी म्हणाली, "पण ताई, ते कान..."

"कुठले कान?"

"काही नाही. म्हणजे, तिला चित्रं कुणी शिकवली?"

"मीच की. लहानपणीच्या आपल्या चित्रांची ती थप्पी होती ना, तीच तिला गिरवायला दिली होती. पापण्या तिने कारखान्यात माझ्या बघून उचलल्यात, आणि तू हसायचीस त्या सगळ्या चुकाही जशाच्या तशा. मी सांगून दमले. माझ्यापुरत्या मी त्या केव्हाच सुधारल्या गं."

केव्हाच सुधारल्या. आणि बारकीला त्याचा पत्ताच नव्हता. तिच्या डोक्यात ताईचा हात अजून शाळेतल्या मुलीचाच होता. तिने विचारलं, "आणि तुझं गं?"

"माझं आलं परत," ताई म्हणाली. तिचा आवाज पडलेला नव्हता, हे बारकीला आणखीनच विचित्र वाटलं. "उद्या ये तू. सांगते. आल्याशिवाय सांगायची नाही मी."

रविवारी सकाळी बारकी ताईकडे गेली. बसमध्ये बसल्या बसल्या ती आपण परत पाठवलेली चित्रं एकेक करून आठवत होती. तिला वाटत होतं, चष्मेवाल्याने परत पाठवलं असेल. दुसरं कुणीही असेल. असू दे. ताईने दार उघडलं, तिला सरळ आत खिडकीपाशी नेलं आणि भिंतीला टेकवलेलं चित्र वळवून समोर केलं.

अर्ध्यावर उघडलेलं शटर. शटरखालून येणारा उजेड.

बारकीला पहिल्यांदा काही ऐकूच येईना. ताई मात्र रंगात आली होती. तिने डोळ्यांवर चष्मा चढवला, फोन लांब धरला आणि एखाद्या साहेबाच्या सुरात ते उत्तर वाचून दाखवायला सुरुवात केली. "'इतकं, की तुम्ही शटरमागे लपला आहात असं वाटतं.' ऐकलंस? 'चित्र दारातच थांबलं.' कोण असेल गं हा बाबा? मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा असा राग आला! म्हटलं, तुला काय कळतंय मेल्या, तू काढून दाखव. भांडी घासली, आदळआपट केली. आणि मग पुन्हा वाचलं." ती खुर्चीत बसली. "हे आमच्या कारखान्याचं शटर आहे. सकाळी पहिली मीच जाते, किल्ली माझ्याकडे असते. आतला एक दिवा रात्रभर चालू ठेवतात, चोरांच्या भीतीने. शटर अर्धं वर केलं की मी रोज तिथेच थोडा वेळ उभी राहते. इतकी वर्षं झाली तरी एकदम आत जाववत नाही. आणि ह्या माणसाने मला कधी बघितलेलं नाही, नाव माहीत नाही, आणि बरोबर तिथेच बोट ठेवलंन. मला आजवर असं कुणी बोललं नाही, बारके. कुणीच नाही."

बारकी ताईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. असा उजळलेला चेहरा तिने किती तरी वर्षांत बघितला नव्हता. क्षणभर तिला त्या अनोळखी बाबाचा हेवा वाटला. गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं. नियमही तेच सांगत होता, बोलायचं नाही. ताईला तिचा बाबा लाभला होता, तो तसाच राहू द्यायचा, चहा प्यायचा आणि घरी जायचं. पण मग आपण पुन्हा तिच्याशी खोटं बोलणार, असं तिच्या मनात आलं आणि तिला ते सहन होईना.

"ताई," ती म्हणाली, "तो बाबा मीच आहे."

ताई हसली. मग तिने बारकीकडे नीट बघितलं आणि तिचं हसू थांबलं. फोन तिने टेबलावर पालथा ठेवला.

"तू?"

"हो."

"म्हणजे तुला माहीत होतं माझं आहे ते?"

"नाही गं. शपथ. मी ओळखलंच नाही. ते दवाखान्याचं आलं तेव्हा मला वाटलं, हे ताईचं. मी त्याला हातही लावला नाही. आणि तुझं खरं चित्र आलं, ते मी..." तिने डोळे पुसले. "तुला इतक्या वर्षांनी एक संधी मिळत होती आणि ती पण मीच घेतली. पुन्हा मीच."

खालच्या रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. ताई उठली, पाणी प्यायली, आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "ओळखलं नाहीस म्हणजे अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"माझ्या इतक्या चित्रांना अप्रतिम म्हणालीस आणि माझा हात ओळखता येत नाही तुला."

बारकी खाली मान घालून बसून राहिली. ताई ओट्यापासून परत आली, तिच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, "बरं. आता ओळखलंस. आता नाव माहीत आहे, गाव माहीत आहे, सगळं माहीत आहे. आता परत बघ. आणि सांग, आज घेशील का हे चित्र?"

"ताई, नको ना गं."

"का नको? मी कुणी भिकारीण आहे का, मला खरं सांगायला नको? बघ म्हणते ना."

बारकीने चित्र उचललं, खिडकीजवळ नेलं. स्क्रीनवर बघणं वेगळं आणि हातात घेणं वेगळं. गंजाचे थर तिला बोटाखाली लागले. कुलपाच्या कडीखालचा चकचकीत डाग किती प्रेमाने काढला होता! ताईची बोटंच तिथे रोज घासत असणार. तिला ताई दिसली, पहाटेच्या रस्त्यावर हातात किल्ली घेऊन उभी असलेली. मग तिने ताईला बाजूला केलं आणि चित्र बघितलं. तिने खूप वेळ लावला. उजेडाचा पट्टा खरोखरच सपाट होता. तिथे चित्र थांबतच होतं.

"नाही," ती म्हणाली. "आजही नाही घेणार."

तिने भीत भीत वर बघितलं. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"इतकी वर्षं मी तुला चित्रं दाखवत होते," ताई म्हणाली, "आणि तू मला दरवेळी आभार मानून परत पाठवत होतीस. मी तुला तुझ्या कॉलेजचे उपकार फेडायला नव्हतं सांगितलं गं. माझ्या घरात चित्र कळणारं एकच माणूस होतं, आणि ते माझ्याशी चित्रांबद्दल बोलायचंच नाही."

बारकी तिच्या गळ्यात पडली. दोघी जणी स्वयंपाकघरात उभ्या राहून रडल्या, चांगल्या नाक लाल होईपर्यंत. मग ताईनेच तिला ढकललं, पदराने तोंड पुसलं आणि टेबल आवरून चित्र त्यावर आडवं ठेवलं.

"पुरे आता. कुठे थांबलंय ते दाखव. बोटाने नको, ही घे पेन्सिल."

"तुझ्या चित्रावर?"

"मग काय माझ्या डोक्यावर?"

बारकीने पेन्सिल घेतली. तिचा हात कागदापर्यंत जाऊन अडखळला, मग तिने उजेडाच्या पट्ट्यात, अगदी शटरच्या कडेला, एक फिकट रेघ मारली. "इथे. इथपर्यंत तू डोळे उघडे ठेवलेस आणि इथून पुढे मिटून घेतलेस. इथे काहीतरी हवं."

"एवढ्या वर नाही," ताई ताबडतोब म्हणाली. "तिथे पाय येतील."

"कुणाचे पाय?"

"त्यांचे. पुतळ्यांचे. शटर वर केलं की मला आधी त्यांचे पायच दिसतात, रांगेने. टाचा उचललेल्या, कुठेतरी निघाल्यासारख्या." बोलता बोलता ताई थांबली. टेबलाला धरून ती वाकली, शटरखालच्या त्या पिवळ्या जागेकडे बघत राहिली, आणि बारकीच्या हातातली पेन्सिल तिने काढून घेतली. "सरक जरा. उजेड अडवतेयस माझा."

बारकी सरकली.